लांब पेराचं रोप

भोयरबाबांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती माझं झाड चुकलं हे सांगायला. सकाळची वेळ होती, मी बाल्कनीत मशीनवर ब्लाउजच्या बाह्या जोडत बसले होते. शेजारच्या ग्रिलमधून आवाज आला, "बाई, थे झाड तुयं नाही." मी मशीन थांबवली. आमच्या स्कीममध्ये, म्हणजे हिंगणा रोडवरच्या या चार मजली फ्लॅटच्या इमारतीत, पुष्पाबाईला असं तोंडावर बोलायची हिंमत कुणी करत नाही. मी तोंडाळ आहे हे वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "माह्या बादलीतलं झाड माह्यं नाही तं कोनाचं हाय?" म्हातारा जरासुद्धा न बिचकता म्हणाला, "वावराचं."

ते झाड टोमॅटोचं होतं. सीताबर्डीवरच्या एका बियाण्याच्या दुकानातून मी पाकिटावरचं चित्र पाहून बी आणलं होतं. चित्रात टोमॅटो मुठीएवढे, लालभडक. प्रत्यक्षात ते झाड असं सुटलं की ग्रिलमधून बाहेर पडून चौथ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीला जाऊन भिडलं. त्यांची कटकट वेगळीच, आणि एवढं करून फळं तीन, तिन्हींचं बूड काळं. मी त्याला रोज खत घालत होते आणि रोज शिव्याही घालत होते. बाबा महिन्याभरापूर्वीच मुला-सुनेबरोबर शेजारी राहायला आले होते, आणि महिनाभर ते माझा हा तमाशा गुपचूप पाहत होते.

"फळ पाहून झाड आणलं तुनं," ते म्हणाले. "पेर पाहून आनाचं रायते." मग त्यांनी आपल्या ग्रिलमधलं वीतभर उंचीचं एक रोप उचलून दाखवलं. खोडावर एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत जे अंतर असतं त्याला ते पेर म्हणत, उसाला म्हणतात तसं. त्या पेरावर त्यांनी करंगळी आडवी धरली. "करंगळीत मावलं का थे बादलीचं. करंगळीच्या बाहेर गेलं का वावराचं. वावराच्या झाडाले बादलीत कोंबलं तं थे नुसतं पयत रायते, अन् फळाच्या वक्ताले दमून जाते."

मला राग यायला हवा होता, पण पटलं. मी म्हटलं, "मंग या ना इकडे, मले नीट दाखवा." त्यावर बाबा म्हणाले, "कसा येऊ वं? कुलूप हाय ना." लाइट गेली आहे असं सांगावं, इतक्या साध्या आवाजात. मला वाटलं म्हातारा थट्टा करतो. दार उघडून पाहिलं, तर शेजारच्या दाराला बाहेरून हे मोठं कुलूप.

संध्याकाळी त्यांचा मुलगा प्रमोद कंपनीतून यायच्या वेळी मी मुद्दाम जिन्यात उभी राहिले. म्हटलं, आज याला सोडायचं नाही, बापाला कोंडून ठेवतो म्हणजे काय. प्रमोद मोटरसायकल लावून वर आला, माझं तोंड पाहिलं आणि मी काही बोलायच्या आतच पायरीवर बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन त्यानं जे सांगितलं ते असं होतं.

बाबांचं शेत भिवापूरकडे एका खेड्यात होतं, मिरचीचं. गावात त्यांचा मान होता तो एका कामासाठी. मिरचीचा तोडा सुरू व्हायच्या आधी लोक त्यांना आपापल्या शेतात नेत, आणि बियाण्यासाठी कोणती झाडं राखायची ते बाबा ठरवत. ज्या झाडाला बाबांनी लाल चिंधी बांधली, त्या झाडाला शेताच्या मालकानंही हात लावायचा नाही. मग प्रमोदची आई गेली, शेत विकलं, बाबा नागपूरला आले. आल्यावर आठवड्याभरात ते एका सकाळी कुणाला न सांगता खाली उतरले, बसमध्ये बसले आणि थेट विकलेल्या शेतात गेले. तिथे खांद्यावरचा दुपट्टा फाडून मिरचीच्या झाडांना चिंध्या बांधत बसले. नवा मालक बाहेरगावचा. त्यानं पाहिलं, कोणी अनोळखी म्हातारा आपल्या पिकाला चिंध्या बांधतो आहे. त्याला ती करणी वाटली. माणसं जमली. बाबांना दुपारपर्यंत उन्हात बसवून ठेवलं, कुणीतरी हातही उचलला. जुन्या ओळखीचं कोणी समोर येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"मी गेलो, लोकायच्या पाया पडलो," प्रमोद म्हणाला. "परत हा मानूस इथं दिसनार नाही म्हनून शब्द देल्ला, तवा सोडलं. काकू, माह्या बापाले लोकायनं मारलं. मी कंपनीत, ज्योती दवाखान्यात कामाले. दिवसभर घरी कोनी नाही. तुम्हीच सांगा, काय करू?" मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. जाताना त्यानं कुलपाची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली. आग लागली, तब्येत बिघडली तरच उघडायचं. एरवी बाबा काहीही म्हणोत, उघडायचं नाही. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अख्ख्या स्कीममध्ये विश्वासाची बाई म्हणून किल्ली माझ्याकडे आली होती. मशीनच्या वरच्या खिळ्याला मी ती टांगली, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी.

तिथून पुढची तीन वर्षं माझी बाबांशी जी ओळख झाली ती सगळी ग्रिलमधून. त्यांची बाल्कनी आणि माझी बाल्कनी, दोन्हींना लोखंडी गज, आणि मध्ये एवढं अंतर की दोघांनी हात लांब केले तर पिशवी इकडून तिकडे जाते. त्यांच्या गजांच्या आत दीड हात रुंद आणि सहा हात लांब जागा होती. तेवढ्यात रंगाच्या रिकाम्या आठ बादल्या. प्रत्येकीच्या बुडाला गरम सळईनं पाडलेली भोकं. त्या जागेला ते बाल्कनी म्हणत नसत, "मायं वावर" म्हणत. आणि सुनेनं तिथे टॉवेल वाळत घातला तर म्हणत, "ज्योते, पिकात कपडे नोको टाकू."

मातीवरून माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं. मी उत्साहानं मागच्या मोकळ्या जागेतली चांगली काळीभोर माती आणून पिशवी पिशवी करून त्यांना दिली, तर त्यांनी बोटांनी चोळून परत पाठवली. "काळी माती वावरात माय हाय," म्हणाले, "बादलीत थे सिमेंट होते. पानी टाकलं का फुगते, वाळली का तडकते, मुळायले आवळून धरते." मग निम्मी माती, त्यात रेती, कुजलेलं शेणखत आणि विटांचा चुरा, असं मिश्रण मला तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा मूठ वळली आणि बोटानं टोचल्यावर फुटली, तेव्हा कुठे म्हणाले, "आता झोपन रोप." एवढ्यासाठी मी दोन ब्लाउजची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली होती.

वाण निवडायचं त्यांचं वेड पाहण्यासारखं होतं. पोळा झाला की बी टाकायचं, दसऱ्याला रोपं बादलीत, संक्रांतीला फळ. मी सीताबर्डीहून लहान टोमॅटोची जी जी पाकिटं सापडतील ती आणायची आणि बाबा एकेका वाणाची सगळा हिवाळा परीक्षा घ्यायचे. एक द्राक्षासारख्या घोसांचं होतं. गुडघ्याएवढं वाढायचं, पंधरा दिवसांत सगळी फळं एकदम पिकवायचं आणि संपायचं. त्याला ते सरकारी नोकर म्हणत. "वेळेवर येते, वेळेवर रिटायर होते. घरात एकदमच चटणी कराची असन तं हे लावा." दुसरं पिवळं, पेरूच्या आकाराचं, टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबणारं. ते पाहुणी. "दिसाले गोड, पन रोजच्या कामाची नाही." पण त्यांचा जीव अडकला होता तो तिसऱ्यात. ते पाकिटातलं नव्हतं. ते गावाकडून आणलं होतं, त्या फाटक्या दुपट्ट्याच्या गाठीत.

आमच्याकडे त्याला भेदरं म्हणतात. गोटीएवढं, आंबट, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप उगवणारं गावठी टोमॅटो. भाजलेल्या मिरचीबरोबर वाटलं की भाकरीला दुसरं काही लागत नाही. पण भेदऱ्याची वेल वावराची, पेर लांब, बादलीत राहणारी नव्हेच. बाबांना ते बादलीत राहणारं करायचं होतं. "धा रोपात एखांदं आखूड पेराचं निघते," ते मला समजावत. "त्याचंच बी धराचं. पुढच्या साली त्यातलं आखूड. असं दम धरून केलं का चार-पाच सालात बादलीचं भेदरं होते." मी म्हटलं, एवढी खटपट कशाला, बाजारात टमाटर काय कमी आहेत? ते म्हणाले, "बाजारात लय काही हाय. मले जाता येत नाही नं."

आठ बादल्या असल्या तरी रोपं पन्नास-साठ यायची, आणि त्यातली बहुतेक लांब पेराची. निवड झाली की मी म्हणायचे, उपटून टाका. ते बाबांना जमायचं नाही. "त्याचा काय गुन्हा? थे आपल्या जातीवर गेलं. खाली सोड त्याले." खाली म्हणजे इमारतीच्या मागे, बोअरच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीलगत. मग मी ती रोपं पदरात घेऊन तीन मजले उतरायची आणि बाबा वरून दोन्ही हातांनी गज धरून सांगायचे, "आनखी थोडं दूर. भितीपासून हातभर. अशी खोसू नोको वं, निजव त्याले, खोडाले मुळ्या फुटू दे." माझं काम होईपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत. मी वर येऊन हात धुतले तरी ते तिकडेच पाहत असायचे.

शिवणकामाच्या चिंध्या मी पूर्वी फेकून द्यायची. आता त्या त्यांना लागायच्या. लाल चिंधी बियाच्या झाडाला, काळी चिंधी ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याला. खणाच्या ब्लाउजची लाल पट्टी दिली की खूश व्हायचे, सिंथेटिकची दिली की परत करायचे, कारण ती गाठीला सरकते. एकदा मी गमतीनं म्हटलं, "बाबा, तुम्ही बी लांब पेराचेच निघाले." मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मानसाची अन् झाडाची बराबरी करू नोको. झाडाले लाज नाही रायत. माह्या पायी प्रमोद्यानं लोकायचे पाय धरले, थे मी माह्या डोयानं पाह्यलं." त्यानंतर पुष्कळ वेळ ते बादलीतली माती उगाच उकरत बसले. त्या दिवशी मला कळलं की ते कुलूप नुसतं प्रमोदनं लावलेलं नव्हतं. आतून बाबांनीही धरून ठेवलेलं होतं.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात त्यांचं झाड जमलं. पाचव्या बादलीतलं भेदरं कमरेएवढं होऊन थांबलं, पेरं सगळी करंगळीत मावणारी, आणि गोटीएवढ्या फळांनी भरलं. मी आनंदानं पेढे आणायच्या तयारीत होते. बाबांनी पहिलं पिकलेलं फळ तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं, आणि म्हणाले, "आंबट हाय." मी वाट पाहिली. "पन खालच्यासारखं हाय का नाही, थे कसं सांगू? झाडाशी बसल्याबिगर कळत नाही." मग मान खाली घालून, चोरी कबूल केल्यासारखं बोलले, "बाई, अर्धा घंटा खाली नेतं का? भिवापूरले नाही. थे बोअरपाशी."

मी म्हटलं, "बाबा, मी शब्द देल्ला हाय."

"हो, बराबर हाय," ते म्हणाले, आणि आत निघून गेले. हट्ट केला असता, रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना खालचीच फळं आणून द्यायची ठरवलं. सगळ्यात मोठी, सगळ्यात लाल अशी मूठभर भेदरं नेऊन दिली. त्यांनी विचारलं, "कोन्या झाडाची?" मला कुठे ठाऊक, बारा-पंधरा वेली एकमेकींत गुंतलेल्या. "तू पुन्हा पाकिटावरचं चित्र पाहून राह्यली," ते म्हणाले. "बियाचं फळ फळाकडं पाहून नाही, झाडाकडं पाहून धरा लागते." मग मी प्रत्येक वेलीचा पाला तोडून नेला. तो त्यांनी चोळून पाहिला, पण वर येईपर्यंत वास गेलेला. मग मोबाइलवर फोटो काढून दाखवले. फोटो त्यांनी लांब धरून पाहिले आणि म्हणाले, "छान हाय. कोनाच्या लग्नाचे हायेत?" एवढ्या सगळ्यात तीन आठवडे गेले. ऊन तापायला लागलं की खालची झाडं जाणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. किल्ली खिळ्याला होती. मशीन चालली की ती हलायची, आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळायची.

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. नऊच्या सुमाराला मी दोरीवरचे कपडे काढायला बाल्कनीत आले आणि खाली नजर गेली. बोअरच्या आसपास जमिनीवर लाल लाल काहीतरी पडलं होतं. नीट पाहिलं, तर माझ्याच चिंध्या. एक पाइपावर, एक भिंतीवर, पाच-सहा मातीत. मी शेजारी पाहिलं. बाबा चिंधीत विटेचा तुकडा बांधत होते. बांधून झाल्यावर त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, एक डोळा मिटून नेम धरला आणि चिंधी खाली टाकली. वरून, तीन मजल्यांवरून, झाडाला चिंधी बांधायचा प्रयत्न चालला होता. ती वेलीपासून चांगली दोन हात दूर पडली. त्यांनी पुढचा तुकडा उचलला.

मला इतकी लाज वाटली की हातातले कपडे तिथेच टाकले. किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. बाबा पाठमोरे होते. दाराचा आवाज ऐकून वळले आणि घाबरून म्हणाले, "आग लागली का वं?"

"हो, लागली," मी म्हटलं. "चाला खाली."

त्यांच्या चपला दाराशी होत्या, तीन वर्षांत तळव्याची नक्षीसुद्धा झिजली नव्हती. उतरताना त्यांनी एका हातानं कठडा आणि एका हातानं माझं मनगट धरलं होतं, आणि त्यांच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. खाली मी सकाळीच पाणी सोडलं होतं, चिखल होता. बाबा त्या चिखलात उकिडवे बसले. एकेक वेल उचलून बुडापासून पाहिली, पाला चोळला, नाकाशी नेला, फळं चाखली, थुंकली, पुन्हा चाखली. मध्येच मला म्हणाले, "तू जाय तुया कामाले." मी कुठे जाणार? मी गेटकडे तोंड करून उभी होते. अर्धा तास होऊन गेला. शेवटी कोपऱ्यातल्या एका किरकोळ वेलीला त्यांनी लाल चिंधी बांधली. मी म्हटलं, हिला तर फळंही बारीक. ते म्हणाले, "बुडापासून हिरवी हाय, पाह. बाकीच्या बुडातून वाळून राह्यल्या अन् शेंड्यावर मिरवून राह्यल्या."

उठल्यावर त्यांनी हात झटकले आणि गेटकडे पाहिलं. पलीकडे रस्त्यावरून बस गेली. ते पाहतच राहिले. एवढ्या माणसाला मी धरून ठेवू शकले नसते, आणि खरं तर धरायची इच्छाही नव्हती. "बाबा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आपणहून जिन्याकडे वळले. प्रत्येक मजल्यावर थोडं बसत वर आले. घरात गेले, चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, आणि दारात उभ्या असलेल्या मला म्हणाले, "लाव कुलूप."

मी हललेच नाही. "लाव वं माय," ते म्हणाले. "उघडं पाहून प्रमोद्यानं इचारलं तं तुले खोटं बोला लागन." मी दार ओढलं. उघडताना किल्ली पटकन गेली होती, लावताना भोकात जाईना. आत ते उभेच होते. कुलूप बसल्याचा आवाज झाल्यावर त्यांची पावलं बाल्कनीकडे गेल्याचं मला ऐकू आलं.

त्यानंतर मी ते दार परत उघडलं नाही. प्रमोदला दिलेल्या शब्दामुळे नाही, तो तर मोडलाच होता. उघडणं सोपं होतं, पण माणूस आत असताना ते पुन्हा माझ्या हातानं लावणं मला जमणार नव्हतं. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही याचं मला बरं वाटत राहिलं. चिंधीच्या वेलीची फळं मी वर आणून दिली. बाबांनी मला बी काढायला शिकवलं. फळ पिळून रसासकट वाटीत तीन दिवस ठेवायचं, वर फेस आला की धुऊन काढायचं, ताटलीत सावलीला वाळवायचं. कागदावर वाळवलं तर चिकटतं, हे मी कागदावर वाळवून बसल्यावर त्यांनी सांगितलं. बी वाळलं तेव्हा त्यांनी त्याच्या दोन पुरचुंड्या केल्या, आखूड पेराची आणि लांब पेराची, आणि दोन्ही माझ्याकडे दिल्या. म्हणाले, "माह्या घरात उंदरं लय हायेत." त्यांच्या घरात एकही उंदीर नव्हता.

बाबा मे महिन्यात गेले. रविवार होता, प्रमोद आणि ज्योती घरीच होते. जेवून कूलरसमोर झोपले ते उठलेच नाहीत. किल्ली वापरायची वेळ माझ्यावर आली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी प्रमोद माझ्याकडे आला. बाबांची कात्री आणि उरलेल्या चिंध्यांची पिशवी परत द्यायला. मी खिळ्यावरून किल्ली काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती उचलली नाही. म्हणाला, "काकू, संक्रांतीच्या वक्ती तुम्ही बाबाले खाली नेलं होतं ना?"

मी खोटं बोलणार होते, तोंडही उघडलं होतं. तो म्हणाला, "चपलेले चिखल होता. ज्योती यायच्या आधी मी धुऊन ठेवल्या."

"मंग बोलला काहून नाही?" मी विचारलं.

"बोललो असतो तं तुम्ही किल्ली वापस केली असती." तो चिंध्यांच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत होता. "त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घरी आलो का पह्यले चपला पाहो. वाटे, आज तरी नेलं असन. रोज कोरड्याच."

मग माझा मूळ स्वभाव वर आला. मी ओरडलेच त्याच्यावर, "मंग तुले काय झालं होतं? रविवारी घरी राहे ना तू. तूच काहून नाही नेलं?" प्रमोदनं पिशवीची गाठ घट्ट आवळली. मग म्हणाला, "मी नेलं असतं, अन् ते गुपचूप वापस आले असते, तं तीन साल कुलूप कायले लावलं होतं, हे मले सोताले सांगा लागलं असतं." आम्ही दोघं मशीनच्या बाजूला बसून राहिलो. किल्ली मध्ये पडली होती. शेवटी चहा करायला मीच उठले.

पोळ्यानंतर मी दोन्ही पुरचुंड्यांतलं बी टाकलं. आता माझ्या ग्रिलमध्येही आठ बादल्या आहेत, माती रेती-विटांची आहे. रोपं वीतभर झाली की मी एकेकाच्या पेरावर करंगळी आडवी धरते. आखूड असलं तर बादलीत. लांब पेराचं रोप दिसलं, की हातातलं शिवण तसंच टाकून मी ते त्याच दिवशी खाली नेते. उद्यावर ठेवत नाही.